पान्याचं नाव

“कोनता पाना, आजी? नाव सांगा.”

शुभम विहिरीच्या आतून, मोटारीच्या ओट्यावरून ओरडला. सुभद्राबाई वर कठड्याला धरून उभ्या होत्या. वाकून पाहिलं तर खाली त्याचं डोकं तेवढं दिसलं.

“मोठा,” त्या म्हणाल्या.

“दोनी मोठेच हायेत. एकानं पाइप धरला, दुसऱ्यानं फिरवून रायलो.”

“जुना.”

“दोनी जुनेच. माह्या पिशवीत कोनाकोनाचे पाने हायेत, मलेच ठाऊक नाई. आज मी वरूडले चाललो, बगीच्यायच्या कामाले. नाव सांगसान तं आत्ता वर धाडतो, नाईतर मंग पावसाळ्यातच भेटू.”

शुभम गावात नवा होता. तो पाना त्याला आधीच्या मिस्त्रीकडून, बंडूकडून मिळाला होता, नावासकट मिळाला होता, आणि नाव सांगितल्याशिवाय तो कुणाचं काही कुणाला देत नसे. यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण नाव तेवढं सुभद्राबाईंना घेता येत नव्हतं.

पाना त्यांच्या मालकांचा. मोतीरामनी तो अकोल्याहून आणला होता, हातभर लांब, पाइपाला दात रोवला की न सुटणारा. भाजीवाल्याच्या घरात पाना कशाला, म्हणून लोक आधी हसले, मग तेच लोक मागायला येऊ लागले. मोतीरामचा पाना द्या, म्हणायचे. पुढे ‘चा पाना’ कुठंतरी गळून पडलं. मोतीराम द्या, मोतीराम कोणी नेला, मोतीराम नीट बसव. कुणाच्या नावानं शाळा निघते, कुणाच्या नावानं रस्ता. यांच्या नावानं पाना निघाला. गावातल्या लहान पोरांना तर त्या अवजाराला तेच म्हणतात असं वाटायचं.

सुभद्राबाईंनी ते नाव लग्नात घेतलं, हळदीकुंकवाला घेतलं, तेही उखाण्यात गुंडाळून. एरवी ‘हे’, नाहीतर ‘मनोजचे बाबा’. पाना लागला तर ‘यायचा पाना’, म्हणजे यांचा. मोतीराम गेले, आणि मग उखाणा घ्या म्हणणारंही कुणी उरलं नाही.

तरी नाव दारात यायचं. अंगणातून कुणीतरी विचारायचं, मोतीराम आहे का घरी? सुभद्राबाई हातातलं टाकून उठायच्या, ‘हाय, हाय’ म्हणत पाना काढून द्यायच्या आणि मागणारा वळणाआड होईपर्यंत दारात थांबायच्या. हे मनोजला कुठून कळणार? आईचा त्रास वाचावा म्हणून पोरानं दिवाळीत नवा पाना आणला. जुना बंडूनं नेला तो परत आलाच नाही. लोक अजून येतात, पण ‘नवा पाना द्या’ म्हणतात. दिवाळीपासून ते नाव त्यांच्या कानावर पडलं नव्हतं, आणि माणसाची यावी तशी त्यांना त्या नावाची आठवण यायची.

“सांगा ना वो आजी नाव,” शेजारी उभी असलेली दामिनी म्हणाली. विहीर तिच्या सासऱ्यांची. परतवाड्याहून लग्न होऊन आलेल्या पोरीला हे काही ठाऊक नव्हतं. “तुमी मले सांगा, मी ओरडून सांगतो त्याले.”

सुभद्राबाईंनी मान तिच्या घराकडे वळवली. मग त्या म्हणाल्या, “तुया घरात फोन वाजून रायला, पोरी. जाय.”

दामिनीनं कान दिला. पलीकडच्या वावरात ट्रॅक्टर चालू होता, तिला काहीच ऐकू आलं नाही. तरी मोठ्या बाईचा शब्द म्हणून ती घराकडे पळाली.

विहिरीवर आता कोणी नव्हतं. सुभद्राबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला.

“मोतीराम,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मोतीराम,” त्या ओरडल्या. विहिरीनं ते नाव तसंच वर पाठवलं. आभाळ काही कोसळलं नाही. त्यांना मात्र नवरीला वाटावी तशी लाज वाटली, या वयात.

शुभमला खाली काहीच वाटलं नाही. “मंग असं सांगा ना,” तो म्हणाला, आणि त्यानं पाना बादलीत ठेवला.

त्यांनी दोर ओढून तो वर घेतला. दातांची धार गेली होती. दांडीवर जिथं यांचा अंगठा बसायचा तिथं लोखंड अजून गुळगुळीत होतं. त्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला.

“आजी,” खालून शुभम म्हणाला, “एवढा सांधा रायला होता माहा. आता मोठा एकच पाना हाय. एकट्यानं काई फिरत नाई.”

“हो रे बाबा,” सुभद्राबाई म्हणाल्या. “एकट्यानं नाईच फिरत.”

त्यांनी पाना पुन्हा बादलीत ठेवला आणि दोर हळूहळू खाली सोडला. तेवढ्यात दामिनी परत आली. आईचा फोन होता, मघापासून वाजत होता म्हणे.

“काम झालं का घरी आनून दे,” सुभद्राबाई विहिरीत वाकून म्हणाल्या. “वरूडले जायच्या आधी.”

“देतो. पन वापस आलो का पुन्हा लागन मले.”

“तं दारात येऊन मांगजो. नाव घेऊन मांगजो, जोरानं. मले कमी आयकू येते.”

दामिनीनं आधी हातातल्या फोनकडे पाहिलं, मग सुभद्राबाईंकडे.