उभ्यानं रवंथ

माळावरच्या शेडवर धाड पडली आणि नशेची पावडर बनवणाऱ्यांना पोलीस घेऊन गेले. वास लपवायला पाळलेल्या शेळ्या मात्र त्यांना चारा घालणाऱ्या जानकीबाईच्या गळ्यात पडल्या.

अंगणात आणल्या तरी त्या बसेनात. चाऱ्याला तोंड लावत नव्हत्या. सीलबंद शेडकडे बघत उभ्याउभ्या रवंथ करायच्या, शेडमधलं यंत्र चालायचं त्याच तालात.

"बसा गं बायांनो, मीबी दमले," ती रोज विनवायची.

एका दुपारी शेजारची रूपा कुंपणाशी थबकली. "काकी, काय खाताय?"

"काय नाय गं. सकाळपास्नं पाण्याचा घोटबी नाय."

रूपा एक पाऊल मागे सरली.

जानकीबाईनं गालाला हात लावला. बोलणं संपलं होतं, पण जबडा थांबला नव्हता.