पहारेकरी ठेवायचा का?

पडद्यावर कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याच्या, पर्यायांची निळी यादी उघडी होती आणि तीत पहारेकरी कुठेच नव्हता.

पहारेकरी म्हणजे वॉचडॉग. रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणाऱ्या पंपातला लिनक्स मध्येच गोठला, तर त्याला गदागदा हलवून पुन्हा उभं करायचं, एवढंच त्याचं काम. सकाळी एका हॉस्पिटलातून तक्रार आली होती: पंपाच्या पडद्यावरचा आकडा थांबतो, मोटर मात्र थांबत नाही. औषध आपलं जातच राहतं.

त्या पंपाचा कर्नल पडद्यासमोर बसलेल्या या इंजिनिअरनेच बांधला होता. आणि दुसऱ्या एका हॉस्पिटलात कालपासून त्याच्या आईला दुखणं शमवणारं गुंगीचं औषध द्यायला तोच पंप लावलेला होता. डॉक्टर वेगळा लावत होते. यानेच कॉलर ताठ करून सांगितलं होतं, आमचा लावा.

त्याने तिरक्या रेघेची कळ दाबून यादीत वॉचडॉगचा शोध घेतला. उत्तर आलं, पर्याय आहे, पण दिसणार नाही. आधी त्याच्या वरचा चालू करा. वरचा बंद होता. त्या वरच्याने आणखी वर पाठवलं. कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर धाडतात तसं फिरून शेवटी मूळ सापडलं. ते ‘नाही’वर होतं.

कुणी केलं, हे विचारायची सोय नव्हती. नवा कर्नल घेतला की तो नव्या पर्यायांबद्दल एकेक प्रश्न विचारत बसतो. नुसतं एंटर दाबत गेलं, तर बहुतेकांचं उत्तर तो स्वतःच ‘नाही’ धरतो. जाणकार माणसं सगळे प्रश्न वाचत नाहीत. हाही वाचत नव्हता. त्या दिवशी साहेबांच्या विनोदाला हसत एंटरवर बोट दाबून बसला होता.

आता त्याने पर्याय चालू केला. चौकोनात तारा उमटला. साहेबांना बोलावून दाखवला. सापडलं ना, मग झालं, पुढच्या खेपेच्या पंपांत जाईल, असं साहेब म्हणाले. बाहेर गेलेल्या पंपांचं काय, असं याने विचारलं.

“त्यांचं काय? चालू आहेत ना ते?” साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चालत्या गाडीला खीळ घालू नये.”

तो जिन्यात गेला आणि धाकट्या बहिणीला फोन लावला. ती आईच्या उशाशीच बसली होती. पंपावरचा आकडा हलतोय का बघ, म्हणाला.

“नाही रे दादा. मघाशी नर्सही तेच म्हणत होती, बंद करून बदलायला निघाली होती.” ती खुशीत होती. “मी हातच लावू दिला नाही. म्हटलं, आमच्या दादाने बनवलाय तो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? गेली बिचारी मुकाट्याने. आणि जरा हळू बोल. आईला आत्ताच कुठे गाढ झोप लागलीय.”