उलट्या पावलांनी

फणसाच्या झाडाशी पोचल्यावर वसुमती थांबली. रोजचा धागा तिथेच संपायचा. पण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली तिची सासू, भार्गवीअम्मा, काथ्या कातायचा रहाट फिरवीतच राहिली.

दोन्ही हातांतले काथ्याचे धागे थरथरले. हे कामच असं. रहाटावर एक बाई बसते. दुसरी ओटीत काथ्या भरून घेते, दोन्ही हातांच्या बोटांतून तो सोडत मागे मागे चालत जाते, आणि धागा लांबत जातो. रहाट चालू असताना ती थांबली तर पीळ जास्त होऊन गाठी पडतात. हात सुटला तर पीळ उलगडून सकाळ वाया. म्हणून बसलेली जेवढं फिरवील तेवढं दुसरीने चालायचं. कुठे चाललो ते पाठीला ठाऊक.

वसुमतीने आणखी एक पाऊल मागे टाकलं.

खाडीवर अजून धुकं होतं. पलीकडच्या काठाला बायका नारळाची कुजवलेली सोडणं मोगरीने झोडपत होत्या. तो आवाज पाण्यावरून झोपेत ऐकल्यासारखा येत होता. उन्हात काथ्याची धूळ तरंगत होती आणि तिच्यातून सासू अर्धी दिसत होती, अर्धी नव्हती. लग्न होऊन आल्यापासून वसुमतीने तिला रोज सकाळी अशीच लहान लहान होताना पाहिलं होतं.

नवरा, दिवाकरन, तापाने गेला त्याला दोन वर्षं झाली. घरात या दोघीच उरल्या. सोडणं वाहून आणणारा नाववाला सुगतन बायको वारल्यापासून एकटाच होता. भला माणूस, पण बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. महिनाभर शब्द जुळवून परवा त्याने वसुमतीला एकदाचं लग्नाचं विचारलं. तिचं मन त्याच्या नावेत केव्हाच जाऊन बसलं होतं. तोंडाने मात्र ती नाही म्हणाली. म्हातारीला कोणाच्या भरवशावर टाकायचं? एका हाताने का टाळी वाजते, आणि एकटीने का रहाट चालतो?

सासूशी हे बोलायची तर तिची छातीच नव्हती. भार्गवीअम्मा म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशातली बाई. पोटचा मुलगा गेला तरी चारचौघांत रडली नाही. माया करायची ती टोमण्यातून. आज सकाळीच 'केस आहेत की काथ्या' म्हणत तिने सुनेच्या डोक्यावर तेल थापलं होतं आणि तिची ओटीही स्वतःच्या हाताने गच्च भरून दिली होती.

"अम्मा, झाड आलं," वसुमती ओरडली.

"झाड कुठे येतंय? तूच जातेस. चाल."

"पण मागे घाट आहे हो. पाण्यात पडेन."

"पडलीस तर आंघोळ होईल. धागा बिघडवलास तर पेज मिळायची नाही, सांगून ठेवते."

वसुमतीला हसू आलं. म्हातारीला आज झालंय तरी काय? ती मागे सरकत राहिली. पायाखालची वाळू आधी कोरडी होती, मग गार, मग ओली. एवढा लांब धागा तिने जन्मात काढला नव्हता. मधे तो झोळीसारखा लोंबत होता. त्याच्या पलीकडे धुक्यात सासू आता बोटभर उरली होती. रहाटाची कुरकुर कुठून येते तेही नीट कळेना. तिला एकाएकी भरून आलं. ही एवढीशी बाई इथे एकटी राहिली तर हिला पेजेला तरी कोण विचारणार? नाही म्हटलं तेच बरं झालं, असं तिने मनाला बजावलं.

तेवढ्यात तिची टाच लाकडाला लागली. लाकूड हललं. मागून कोणीतरी तिचा कोपर धरून तिला सावरलं.

मान वळवली तर सुगतन. घाटाला त्याची नाव लागलेली, आत एकही सोडण नाही. तळ धुऊन त्यावर नवी चटई अंथरलेली.

"मी नाही म्हटलं होतं ना तुम्हाला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. हातांतले धागे तिने तसेच घट्ट धरले होते.

"म्हटलं होतंस," सुगतन खाली बघत म्हणाला. "मी अम्मांनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, सकाळी नाव रिकामी घेऊन ये."

रहाट थांबला. पलीकडच्या काठावरच्या मोगऱ्या तेवढ्या वाजत होत्या. मग धुक्यातून भार्गवीअम्माचा आवाज आला, रोजच्यासारखाच खरखरीत.

"उद्यापासून कातायला समोरची नारायणी येतेय. तुला इथे काम नाही, पोरी. धागा सोड."