पेव्याचा आडोसा

हेमूची होडी समुद्रात बुडून तीन पावसाळे झाले, तरी अंथरुणाला खिळलेले त्याचे वडील खिडकीतून फाटकाकडे बघत वाट पाहायचे. नवऱ्याचे ते थकलेले डोळे द्वारकाला बघवेनात. शेवटी तिने रानातून पेव्याचे कंद आणले आणि खिडकीसमोर लावले.

श्रावणात पेवे पुरुषभर वाढले, पांढऱ्या फुलांनी लगडले. फाटक दिसेनासं झालं.

"मुद्दाम लावलेस ना?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, तुमचे हाल बघवत नव्हते."

"बरं केलंस. हेमू गेला, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तू खचू नयेस म्हणून तिकडे बघत राहायचो."

हे एवढी वाट बघतायत, त्या अर्थी पोर येईलही, याच आशेवर द्वारका आजवर तगली होती. तिने लेकासाठी पहिल्यांदाच हंबरडा फोडला.