सुभेदारांचा शेवटचा हुकूम

विसाव्यापाशी जालिंदर थांबला आणि मागून तिरडीचा बांबू त्याच्या पाठीत बसला. हातातलं विस्तवाचं गाडगं सांडता सांडता वाचलं.

"आरं थांबा की! इसावा आला!" तो ओरडला.

"हुकूम न्हाई," पुढचा खांदेकरी खंडू म्हणाला, आणि बांबू पुन्हा टोचला.

विसाव्यावर तिरडी टेकवायची, खांदे बदलायचे, बायकांनी तिथूनच माघारी फिरायचं, ही मांडवगणाची बापजाद्यांची रीत. पण आज तिरडीवर होते सुभेदार सोपानराव! एकाहत्तरच्या लढाईला आपल्याला पेन्शनीतून परत बोलावलं नाही म्हणून वर्षभर सरकारशी रुसून बसलेला गडी. सकाळी घरघर लागली तशी त्यांनी गावातले चार पेन्शनर शिपाई खाटेभोवती उभे केले. "मला कांद्याच्या पोत्यागत न्यायचं न्हाई. कदम मिळवून न्यायचं. दस्ता, धीरे चल!" एवढा हुकूम सोडला आणि थांबायचं 'थम' म्हणायच्या आत गेले. झालं! आता थांबवणार कोण?

सुभेदारांना पोरबाळ नव्हतं, म्हणून विस्तव धाकट्या भावाच्या, जालिंदरच्या हाती. विस्तव तिरडीच्या पुढंच हवा. म्हणजे तिरडी जाईल तिकडं याला पळणं आलं. त्यात मागून बायकांचा गलका. विसावाच झाला नाही, तर त्यांनी फिरायचं कुठून? सगळ्यांच्या पुढं सुभेदारांची बायको, मुक्तावैनी. सकाळीच त्यांनी हात जोडले होते, "भावजी, मला शेवटपत्तुर येऊ द्या. जल्मभर ह्यांना उंबऱ्यावरनंच लावून दिलं मी." जालिंदरला भडभडून आलं होतं, पण त्यानं सांगितलं होतं, "वैनी, रीत हाय. इसाव्यापत्तुरच."

मसणवाटा आला. रचलेलं सरण डाव्या हाताला राहिलं आणि तिरडी सरळ भीमेत! पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. जालिंदरनं गाडगं डोक्यावर धरलं.

"आरं खंड्या, दादाला बुडवतूस का काय!" त्याला रडूच फुटलं. खंडूच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण पाय काही थांबेनात.

तेवढ्यात काठावरून हाळी आली. तोच ताण, तीच जरब. थेट सोपानरावांची!

"दस्ता... थम!"

चौघे जागच्या जागी उभे. फौजेशी काडीचा संबंध नसलेला जालिंदरही ताठ झाला. वळून बघतो तर काठावर पदर खोचून मुक्तावैनी.

"पीछे मुड! धीरे चल!"

तिरडी गर्रकन फिरली. विस्तव पुढं न्यायला जालिंदरला कमरेएवढ्या पाण्यातून वळसा घालावा लागला.

सरण पेटलं. ओल्या धोतरानं कुडकुडत जालिंदर वैनींच्या शेजारी येऊन उभा राहिला. रडावं का रागवावं, त्याला कळेना.

"वैनी, तुमाला हुकूम देता येत हुता, मग इसाव्यावरच का न्हाई दिला?"

मुक्तावैनींनी जाळावरची नजर काढली नाही.

"तिथं दिला असता," त्या म्हणाल्या, "तर तुमी मला माघारी धाडलं असतं, भावजी."