नव्या गाडीला जुनं नाव

"स्पीकरमधून?" झेवियरने विचारलं. "इंजिनाचा आवाज स्पीकरमधून येतो?"

"थोडासा," सलील म्हणाला. "बाकीचा खराच आहे."

शुक्रवारची सकाळ होती. बहारीनमधल्या अमवाज बेटावरच्या पार्किंगमध्ये नेहमीची मंडळी सलीलच्या नव्या सेडानभोवती जमली होती. कंपनीने कधीच बंद केलेल्या जुन्या गाडीचं नाव पुन्हा बाजारात आणलं होतं. नाक तसंच रुंद, दिवे तसेच बारीक. पण दारं चार, आणि आठाऐवजी सहा सिलिंडर.

"पिकअप जुनीपेक्षा जास्त आहे," बँकेत काम करणारा सलील समजावून सांगत होता. "शिवाय मागे लेकीची सीट बसते. बायको पहिल्यांदाच कुठल्या गाडीला हो म्हणाली."

"मग फॅमिली कार म्हण ना तिला. ते नाव कशाला?"

झेवियर वसईचा. हॉटेलातली शिफ्ट संपली की उरलेला जीव तो आपल्या जुन्या दोन दारांच्या गाडीवर ओवाळून टाकायचा. तरी तोच नव्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ बसला. स्टिअरिंगवरून हात फिरवला. उतरताना हळूच म्हणाला, "ब्रेक मात्र भारी आहेत रे." मग जयप्रकाश ऐकतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो चहा आणायला गेला.

जयप्रकाश आपल्या जुन्या, आठ सिलिंडरच्या व्ही-एटला टेकून उभा होता. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर तो इंजिनिअर होता. ही गाडी त्याने भंगारातून उचलल्यासारखी घेतली होती. गौरव कॉलेजातून आला की बापलेक तिच्याखाली पडलेले असायचे. आता, अपघातानंतर, तिची उजवी बाजू नवी होती. रंग जवळपास जुळला होता.

"कशी वाटली, जेपी?" झेवियरने चहाचा कप पुढे केला.

"चांगली आहे. आवाज नाही."

"आवाज नाही म्हणूनच तर वैताग आहे. गौरव असता तर..." झेवियरने वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाला, "माझी मार्सेलिना दर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावते."

जयप्रकाशने मान हलवली. मुलाचं नाव ऐकून काही होईल असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. चहा गोड होता, एवढंच कळलं.

"गाडी विकायची आहे," तो म्हणाला. "कुणीही न्या. घरी सुनीताला आवाज सहन होत नाही."

सगळे सलीलच्या गाडीकडे पाहू लागले. एरवी या गाडीसाठी भांडणं झाली असती.

तेवढ्यात एक पांढरा पिकअप ट्रक आत शिरला आणि सगळे बाजूला सरले. नजीब उतरला. नजीब बहारीनचाच. जिदहफ्सला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. इथल्या निम्म्या जुन्या गाड्या त्याच्या जिवावर धावत होत्या. जयप्रकाशसारखाच तोही बऱ्याच महिन्यांनी येत होता. त्याने सरळ येऊन जयप्रकाशचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. जयप्रकाश खाली पाहत राहिला.

मग नजीबने नवी सेडान एकदा फिरून पाहिली.

"चांगली आहे," बाजारात शिकलेल्या हिंदीत तो सलीलला म्हणाला. "माणूस सुखरूप घरी येईल. फक्त नाव तेच द्यायला नको होतं. गेलेल्याचं नाव दुसऱ्याला देऊन तो परत येतो का?"

सलील ओशाळला.

"जेपी व्ही-एट विकतोय," झेवियरने विषय बदलला.

"मी घेतो," नजीब म्हणाला.

जयप्रकाशने पहिल्यांदा वर पाहिलं. "नजीबभाई, तुम्ही?"

"मीच. पण आधी याच गाडीतून मला तुझ्या घरी ने. यल्ला, चल."

गाडी पुलावरून मनामाकडे निघाली. इंजिन नेहमीसारखं गुरगुरत होतं. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने खूश होऊन अंगठा वर केला. दोघांपैकी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

उम्म अल हस्समच्या फ्लॅटचं दार सुनीताने घंटी वाजण्याआधीच उघडलं. आवाज वरपर्यंत आला असणार. नजीबला पाहून ती मागे सरली, भिंतीला टेकली.

"चहा ठेवते," ती म्हणाली. पण हलली नाही.

"ताई, चहा नको. गौरवची खोली कुठली?"

सुनीताने नवऱ्याकडे पाहिलं.

"ती बंद असते," जयप्रकाश म्हणाला. "आम्हीसुद्धा आत जात नाही. नजीबभाई, गाडीची चावी घ्या. कागद मी उद्या आणून देतो. इथे नका थांबू."

नजीबने ऐकलं नाही. तो पॅसेजच्या टोकाला गेला. बंद दाराशी झाकलेलं ताट होतं. तोंडावर हात धरून सुनीता बघत राहिली. नजीबने ताट हलकेच बाजूला केलं आणि गुडघे सांभाळत दाराला टेकून फरशीवर बसला. दोन बोटांनी दार वाजवलं.

"गौरव," तो म्हणाला, "मी जासिमचा बाप. गाडी तू चालवत होतास, मला माहीत आहे. ते खलास. पण माझा मुलगा गेला तेव्हा त्याच्याजवळ तू एकटाच होतास. तो काय बोलला, ते मला तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

नजीब तिथेच बसून राहिला. मग आतून कडी निघाली.