निदियाचा थवा

वादळ ओसरल्यावर सोमवारी सकाळी आबेलार्दोला कळलं, की समुद्रात सोडलेलं एकही बदक परत आलेलं नाही. धक्क्यावरची खोली रिकामी होती. रेडिओवर एकाचाही आवाज येत नव्हता.

बदकं हे गावाने ठेवलेलं नाव. ती होती ताटलीएवढी तरंगती यंत्रं. किनाऱ्याकडे वाहत येणारं सार्गासो नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ अडवायचं आणि धक्क्यालगतच्या जाळ्यात ढकलायचं, हे त्यांचं काम. थव्याला म्होरक्या नव्हता. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघायचं आणि आपला वाटा उचलायचा. कल्पना निदियाची, बांधणी आबेलार्दोची. नवरा-बायको दोघंही इंजिनियर. दोघांची उमेदीची वर्षं यातच गेली. रात्री तो यंत्रं सोडून झोपायचा, पहाटे ती जाळं बघायला जायची. गेल्या वर्षी निदिया वारली. तेव्हापासून जाळ्याकडे खानावळवाली फिदेंसिया बघत होती.

गुरुवारी राजधानीतून विद्यापीठाची माणसं यायची होती. थव्याचं काम पटलं, तर नव्या प्रयोगशाळेला निदियाचं नाव मिळणार होतं.

आबेलार्दो खानावळीत गेला. फिदेंसिया पानुचो, म्हणजे सारण भरलेल्या पुऱ्या, तळत होती.

"बदकं गेली. सगळी."

"गेली कुठं? जाळं तर गच्च भरलंय. जाऊन बघा."

तो अनवाणीच धावला. जाळं भरलेलं होतं. वाळू धुतल्यासारखी स्वच्छ.

"वादळातसुद्धा कामावर!" कोळी विल्बर्त नावेतून ओरडला. "नाहीतर आमची पोरं. ढग दिसला की शाळा बुडवतात."

आबेलार्दो वर्षभरानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला. रेडिओ बंद पडले असतील, पण थवा जिवंत होता! निदिया म्हणायचीच, थव्याला मालक लागत नाही. त्याने पानुचो मागून मागून खाल्ले.

"हळू, साहेब," फिदेंसिया म्हणाली. "गुरुवारपर्यंत जगायचंय ना?"

मंगळवारी जाळं भरलं, बुधवारीही भरलं. गुरुवारी पाहुणे आले. भरलेलं जाळं आणि लख्ख किनारा बघून त्यांनी माना डोलावल्या.

"पण यंत्रं कुठं दिसत नाहीत?" एका प्राध्यापकबाईंनी विचारलं.

"लाजरी आहेत, बाई," विल्बर्त म्हणाला. "माझा मेव्हणा काम दिसलं की लपतो, ही पाहुणे दिसले की."

पाहुणे पोट धरून हसले. जेवणाआधीच निदियाचं नाव ठरलं. संध्याकाळी विल्बर्तने गिटार काढली आणि आबेलार्दो चक्क नाचला.

शुक्रवारी त्याला राहवेना. आपली बदकं डोळ्यांनी बघायची म्हणून तो उजाडताना धक्क्यावर पोचला.

कमरेएवढ्या पाण्यात अख्खं गाव उभं होतं. फिदेंसियाने झगा खोचला होता, विल्बर्तच्या हातात दाताळं होतं, शाळामास्तर आणि न्हावी टोपली ओढत होते. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं.

"मेलो," विल्बर्त पुटपुटला. "साहेब उठले."

आबेलार्दो पाण्याच्या काठापर्यंत आला. "माझी बदकं बुडाली, म्हणून तुम्ही सगळे आठवडाभर पाण्यात?"

सगळे फिदेंसियाकडे बघायला लागले. तिने झग्याला हात पुसले.

"आठवडाभर कसलं, साहेब. तुमची बदकं पहिल्या वर्षापासून नुसती फिरून परत यायची. पण ती बघायला लोक येतात, खोल्या भाड्याने जातात, माझी चूल पेटते. निदियाबाईंनीच आम्हाला एकेकाला पाण्यात उतरवलं. पहिलं दाताळं त्यांनी धरलं."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही?"

"तुम्ही खोलीतून शीळ घालत बाहेर यायचा. बाई म्हणायच्या, उद्या सांगू."

आबेलार्दो पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटला. मग विजार दुमडून तोही पाण्यात उतरला.

सार्गासो गोळा करणारं यंत्र बनवायचं अजून राहिलंच होतं.